नऊ नंबरचा फोटो

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही. पण हे माझ्या आतेभावासोबत घडलंय, आणि थाप मारायला जो धीर लागतो तो त्याच्याकडे मुळातच नाही.

घरात सगळे त्याला भडक्या म्हणतात.

दिवस गुरुवारचा. वेळ दुपारी साडेतीनची. हो, दुपारीच! शटर अर्धं वर, बाहेर लख्ख ऊन, आत सहा ट्यूबलाइट. आता बोला.

भडक्या गाड्यांचं डिटेलिंग करतो. म्हणजे नुसतं धुणं नाही. सीट शाम्पूने धुवून काढायच्या, एसीच्या जाळ्या ब्रशने साफ करायच्या, पत्र्याला पॉलिश करून आरसा करायचा. दुकान त्याच्या थोरल्या भावाचं. त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो.

मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने बोंब मारली, की सीट तुम्हीच फाडली. सीट आधीच फाटलेली होती. पण भडक्याने काढलेला आधीचा फोटो इतका हललेला, की सीट आहे की उशी तेच कळेना!

दादाने सगळ्यांसमोर सुनावलं. "आणखी एका गाडीचे फोटो जुळले नाहीत ना, तर तू परत बाहेर. पाइप धर आणि चाकं धू."

बाहेरून आत यायला भडक्याला पाच वर्षं लागली होती. त्याला ते फार लागलं.

मग त्याने डोकं चालवलं. जमिनीवर पिवळ्या टेपने बारा फुल्या मारल्या. स्टँड फुलीवर ठेवायचा, फोन त्यावर, आणि लांबून फोटो काढायचं छोटं बटण गळ्यात, प्लास्टिकच्या पिशवीत. ओल्या हाताने फोनला शिवायचंच नाही. काम सुरू करायच्या आधी बारा फोटो, संपल्यावर त्याच जागांवरून पुन्हा बारा. चार मिनिटांत खेळ खलास.

नऊ नंबरची फुली ड्रायव्हरच्या दारासमोर. दार उघडं, सीट पूर्ण मागे, म्हणजे खालचा गालिचा दिसतो.

त्या दिवशीची गाडी छोटी होती. निळी. दहा-बारा वर्षं जुनी. गिऱ्हाईक सकाळी सोडून गेलं, पाच वाजता न्यायला येणार होतं.

भडक्याने सीट धुतली, गालिचा धुतला, सगळं चकाचक केलं. मग फोटोंना लागला. एक ते आठ झाले. नवव्या फुलीवर स्टँड ठेवला, फोनमध्ये पाहिलं...

सीट पुढे होती.

पार स्टिअरिंगला टेकलेली.

"च्यायला," तो म्हणाला. आपणच विसरलो असू. गेला, खालचा दांडा उचलला, सीट मागे ढकलली. परत फुलीपाशी आला.

मागे आवाज झाला...

कट्... कट्... कट्... कट्.

वळून पाहतो तर सीट पुढे.

दांडा मोडला असेल म्हणून त्याने खाली वाकून पाहिलं. ठणठणीत होता. सीट मागे लावून, दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिली. जागची हलली नाही.

फुलीपर्यंत चार पावलं.

कट्... कट्... कट्... कट्.

भीती वाटली का? छे! त्याचं डोकं सटकलं. साडेतीन वाजले होते, चार फोटो राहिले होते, पाचला गिऱ्हाईक येणार होतं, आणि ही सीट!

त्याने दादाला फोन लावला. "दादा, सीट पुढे सरकतेय."

"मग मागे सरकव. हे विचारायला फोन केलास?"

"सरकवली रे! राहत नाही."

"फोटो जुळले पाहिजेत. बाकी मला काही सांगू नकोस." फोन बंद.

जुळले पाहिजेत... म्हणून त्याने सकाळचा नऊ नंबरचा फोटो उघडला.

सकाळी त्याने सीट स्वतःच्या हाताने मागे केली होती. पक्कं आठवत होतं, कारण दांडा कडक होता आणि बोट चेमटलं होतं. बोट अजून दुखत होतं.

फोटोत सीट पुढे होती.

म्हणजे फोटो काढेपर्यंत...

आता एखादा पळाला असता. भडक्या चवताळला. रिकाम्या गाडीकडे बोट करून ओरडला, "बरं! बस तिथेच! पण आता हलू नकोस! फोटो काढू दे!"

शांतता.

एसीचा पंखा नाही, रस्त्यावरचा हॉर्न नाही. नळसुद्धा ठिबकायचा थांबला.

आणि ओल्या सीटमधून फस्स... असा आवाज आला.

सीट हळूहळू दबली. मधोमध. कडांनी शाम्पूचं पाणी वर आलं आणि दारात ठिबकायला लागलं.

टप्... टप्... टप्.

 गळ्यातलं बटण त्याने कसं दाबलं, त्यालाच माहीत नाही. पण दाबलं. फोटो निघाला. अजिबात न हललेला.

पाच वाजता गिऱ्हाईक आलं. साठीचे गृहस्थ, उंची सहा फुटांच्या वर, शटरखालून आत येताना चांगलेच वाकले. त्यांनी सीटकडे पाहिलं, आणि काही न बोलता पाय दुमडून कसेबसे आत बसायला लागले. गुडघे स्टिअरिंगला लागले.

भडक्याला राहवेना. "काका, सीट मागे घ्या ना."

"घेतो रोज," ते म्हणाले. "राहत नाही."

काकांनी स्टिअरिंगवर हात ठेवला.

"गाडी बायकोची. ठेंगणी होती ती. मी सीट मागे केली की चिडायची. जाऊन दीड वर्ष झालं तिला."

मग त्यांचा हात सीटवर पडला. ते पटकन उठले. चेहरा एकदम उतरला.

"ओली आहे हो अजून... तिला गारठा सोसत नाही."

भडक्याने जवळचे सगळे कोरडे टॉवेल आणले. दोघांनी मिळून सीट दाबून दाबून टिपली. एक टॉवेल त्यावर अंथरला. काका पुढच्या कडेवर टेकले, पाठ न टेकवता, आणि हळू गाडी काढली.

फोटो दादाला गेले. दादाचं उत्तर आलं, "शाब्बास! तंतोतंत जुळले."

त्यावर भडक्या खुश व्हायला हवा होता. तो त्या रात्री आमच्याकडे आला, जेवला नाही, एवढंच म्हणाला, "मी तिच्यावर ओरडलो रे. आणि ती ओल्यात बसली. मी म्हटलं म्हणून."

ते दोन्ही फोटो मी पाहिलेत. सीट पुढे आहे, रिकामी आहे, दुसऱ्या फोटोत मधोमध खोलगट आहे. मी पुन्हा पाहणार नाही.

भडक्या आता कुठलीच सीट ओली देत नाही. दोन-दोन तास पंखा लावून बसतो. उशीर झाला म्हणून दादा ओरडतो, तर हा खालमानेने म्हणतो, "गारठा लागतो."

कुणाला, ते सांगत नाही.