टाकीतलं क्षितिज

असल्या गोष्टी रात्री घडतात असं लोक म्हणतात.

माझ्या बाबतीत घडली ती भर दुपारी. १९७३ सालच्या वैशाखात. येडशीला, स्टेशनापासून थोडं अलीकडं.

तुम्हाला पटो न पटो. मी त्या जागेत होतो. ऐकीव काही सांगत नाही.

माझं नाव बिभीषण. मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, सोसायट्यांचे बोर्ड, ट्रकच्या मागची फुलं... हेच आयुष्यभर केलं. त्या साली दुष्काळानं सगळं बंद पाडलं होतं. माणसं खडी फोडायला जात होती, तिथं कोण नवी पाटी रंगवून घेणार?

अशात मला ज्ञानोबा बनसोडेंचा निरोप आला.

बनसोडे हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले. सगळं गाव त्यांना सार्जंटच म्हणायचं. घरी ते आणि त्यांच्या पत्नी केशरकाकू, दोघंच. मुलगी सोलापूरला दिलेली.

सार्जंटनी नोकरीत विमान कधी चालवलं नव्हतं. त्यांच्याकडं काम होतं ट्रेनरचं. म्हणजे जमिनीवरच ठेवलेली विमानाची खोटी केबिन. त्यात बसून नवे वैमानिक शिकायचे. केबिन हलायची, कलायची, पण जागा सोडायची नाही. अशी यंत्रं दुरुस्त करण्यात सार्जंटची सगळी नोकरी गेली.

आता त्यांनी तसंच एक यंत्र घरी बनवलं होतं. प्लायवूडची केबिन, खाली जीपच्या स्प्रिंगा, आत खुर्ची, दांडा, पायाचे पेडल.

"आता निस्तं आभाळ पायजे," ते मला म्हणाले. "आन् जमीन. चारी बाजूंनी."

जागा होती सोसायटीची टाकी. त्यांच्या घराला लागूनच, जमिनीवर बांधलेली, गोल. वर स्लॅब. सहकारी पाणीपुरवठा सोसायटीनं बांधली, पण विहीरच आटली. टाकीत पाण्याचा थेंब पडला नव्हता. मजुरांच्या ये-जा करण्यासाठी भिंतीत ठेवलेली वाट अजून बुजवली नव्हती. सार्जंटनी तिथं फळ्यांचं दार बसवलं होतं.

मी आत गेलो आणि खाकरलो. आवाज सगळीकडून घुमून परत आला.

"हितं?" मी विचारलं.

"हितंच. गोल भिंतीला कोपरा नसतो. क्षितिजालाबी नसतो."

घाई कशाची होती ते केशरकाकूंनी मला चहा देताना सांगितलं. सार्जंटना काचबिंदू झाला होता. नजर कडेनं मिटत चालली होती. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"पार अंधार व्हायच्या आत एकदा बसू द्या त्यास्नी," काकू म्हणाल्या. "लई जपून काढा बाबा चित्र."

मी कामाला लागलो.

पहिल्याच दिवशी मी भिंतीवर सरळ रेघ मारली. वर निळा, खाली हिरवा. सार्जंट हसले.

"हे शाळेतलं चित्र झालं. आरं, क्षितिज म्हंजे रेघ न्हाय. लांबची जमीन फिकट व्हत व्हत आभाळात मिसळती. मधी धूळ असती. आन् हिरवं कशाला? हिरवं हाय का कुठं?"

मग मी जे होतं तेच काढलं. भेगाळलेली रानं. वाळलेल्या बाभळी. रामलिंगच्या बाजूचे डोंगर. बारकी रेल्वेलाईन. पश्चिमेला कललेला सूर्य, आणि त्या मापानं प्रत्येक बाभळीची सावली पूर्वेला. भिंतीच्या बुडाशी फळीमागं सार्जंटनी बल्ब लपवले, त्यांच्यावर पिवळा कागद लावला. बल्ब लागले की टाकीत खरंच दिवस मावळायला आल्यासारखं व्हायचं.

"एखादं माणूस काढू?" मी विचारलं.

"नगं. एवढ्या वरून माणूस दिसत न्हाय."

शेवटी दाराच्या फळ्याही आतून रंगवल्या. त्यांचा हट्टच होता. दाराची फट दिसली की सगळं खोटं वाटतं म्हणायचे.

चित्र पुरं होत आलं तेव्हा एक गोष्ट खटकली.

सकाळी आलो तर बाभळींच्या सावल्या लांब वाटल्या... मी काढल्या होत्या त्यापेक्षा लांब.

मी मनाशी म्हटलं, आपणच काढल्या असतील. उन्हानं डोकं फिरलंय.

मग ती दुपार आली.

केशरकाकू अंगणात उखळात मिरच्या कुटत होत्या. मुसळाचा धप्... धप्... आवाज भिंतीतून आत येत होता. सार्जंटनी जुना युनिफॉर्मचा शर्ट घातला होता. खुर्चीत बसले, पट्टा बांधला. मी मागं उभा. केबिन कलवायचा लोखंडी दांडा माझ्या हातात.

"दार लाव."

मी दार ओढलं. वर स्लॅबला झाकण होतं, तेही बंद.

क्षितिज पुरं झालं. कुठंच फट नाही.

मी दांडा दाबला. केबिन डावीकडं झुकली. स्प्रिंगा कुरकुरल्या. सार्जंट लहान मुलासारखे हसले. "अजून! उजवीकडं घे आता!"

बराच वेळ असं चाललं. मलाही मजा वाटायला लागली होती.

आणि मग माझ्या लक्षात आलं...

मुसळाचा आवाज येत नव्हता.

काकू दमल्या असतील, मी म्हटलं. पण दुसरंही काही कमी होतं. काय, ते कळायला मला वेळ लागला.

"सार्जंट," मी हाक मारली.

आवाज घुमला नाही.

त्या टाकीत साधी शिंक घुमायची. आता माझा आवाज तोंडातून निघाला आणि गेला. लांब कुठंतरी गेला. परत आलाच नाही. मोकळ्या माळावर ओरडल्यावर होतं तसं.

 मी पुन्हा ओरडलो. "सार्जंट!"

"आरं हितंच हाय की. काय झालं?"

गालाला वारं लागलं. गरम, धुळीचं वारं. बंद टाकीत.

मी पेंटर माणूस. मला एकच सुचलं. क्षितिज मी सार्जंटच्या डोळ्याच्या उंचीवर काढलं होतं, ते खुर्चीत बसलेले असताना मापून. मी उभा असलो की ते मला छातीला लागायचं. चित्र आहे ते, जागा कशी सोडेल?

मी उभा होतो. क्षितिज थेट माझ्या डोळ्यासमोर होतं.

मी हळूच खाली बसलो.

क्षितिज माझ्याबरोबर खाली आलं...

उठलो. ते वर आलं.

खऱ्या जमिनीचं असं होतं. चित्राचं नाही.

मी दांडा टाकला आणि दाराकडं धावलो. चार ढांगांत भिंत यायला पाहिजे होती. आली नाही. मी धावत राहिलो. पायाखाली सिमेंट नव्हतं, ढेकळं होती. ती फुटत होती. डोंगर होता तिथंच. बाभळी होत्या तिथंच. मी थांबलो, मागं बघितलं.

केबिन लांब, काडेपेटीएवढी दिसत होती.

एवढा मोठा माळ, आणि मला कोंडल्यासारखं झालं. खोलीत कोंडलं तर माणूस भिंतीवर डोकं तरी आपटतो. इथं आपटायला भिंतच नव्हती. पळायचं तर कुठं? चारी बाजूंना तेच. सूर्य मावळायला आलेला, आणि मावळत नव्हता.

पाखरू नाही. माशी नाही. माझ्याच श्वासाचा आवाज.

मी परत केबिनकडं पळालो. ती तरी जवळ आली, एवढंच नशीब. सार्जंटचा खांदा धरून हलवला.

"सार्जंट, चला बाहेर! दार न्हाय हितं! दार गेलं!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मान न वळवता. नुसती बुबुळं कडेला नेऊन.

त्यांचे डोळे पाण्यानं भरलेले होते.

"बिभीषण... मला कडेचं दिसतंय रे. ह्या टोकापासून त्या टोकापत्तूर. समदं दिसतंय."

"ते खरं न्हाय! उठा तुमी!"

मी त्यांचा पट्टा सोडायला गेलो. त्यांनी माझा हात घट्ट धरला. आवाज शांत होता. कामावर असल्यासारखा.

"ऐक. ढगात शिरलं की वैमानिकाला डोळे फसवतात. वरचं खाली वाटतं. आमी पोरांना सांगायचो, डोळ्यावर विश्वास ठेवू नगा. तू डोळे मीट. हात पुढं कर. चाल. कायबी वाटलं तरी उघडू नगस."

"आन् तुमी?"

"लई वर्सं दुसऱ्यांना बसवलं बाबा मी. आज मला बसू दे. जा."

मी खूप ओढलं त्यांना. देवाशपथ ओढलं. ते खुर्चीला रोवल्यासारखे होते.

शेवटी मी डोळे मिटले.

हात पुढं केले. चालू लागलो. ढेकळं... ढेकळं... मग काहीच नाही, पायाखाली काय आहे तेच कळेना. मागं स्प्रिंगांची कुरकुर ऐकू येत होती. ती लांब जात होती. मग ती कुरकुर राहिली नाही, घरघर झाली. त्या यंत्राला इंजिन नव्हतं. मी स्वतः बघितलं होतं, इंजिन नव्हतं.

घरघर माझ्या डोक्यावरून गेली.

डोळे उघडावेत असं इतकं वाटलं की मी दातानं ओठ फोडला.

आणि बोटांना भिंत लागली.

खरखरीत, गार भिंत. मी तिला धरून सरकत राहिलो. सरकतोय, सरकतोय, फळ्या येईनात. मी रडत होतो. आई आई म्हणत होतो. मग बोटाखाली लाकूड आलं. मी सगळ्या अंगानं धडकलो आणि बाहेर अंगणात पडलो.

केशरकाकू मुसळ धरून तशाच उभ्या.

"आगं बया, आत्ताच तर आत गेलता की! काय झालं? हे कुठंत?"

उखळातल्या मिरच्या अजून अर्ध्याही कुटल्या नव्हत्या.

 काकू मला ओलांडून आत गेल्या. मी मागोमाग, दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून.

आत बल्ब जळत होते. भिंतीवर माझं चित्र होतं. ब्रशचे फराटे दिसत होते, एका ठिकाणी रंगाचा ओघळ होता. काकूंनी हाक मारली. "अहो..."

हाक घुमली. सगळीकडून परत आली.

खुर्ची रिकामी होती.

पट्टा बांधलेलाच होता.

पोलीस आले. मला दोन दिवस बसवून विचारलं. काकूंनीच सांगितलं की ह्या पोराचा काही दोष नाही. विहिरी सगळ्या कोरड्या, तळ दिसत होते, त्यात कुणी नव्हतं. रामलिंगच्या रानात माणसं फिरून आली. म्हातारा नजरेनं अधू, कुठंतरी भरकटला असेल, असं ठरवून सगळे गप्प बसले.

त्या साली पाऊस झाला. विहिरीला पाणी आलं. सोसायटीनं केबिन बाहेर काढली, भिंतीतली वाट बुजवली आणि टाकी भरली. चित्र ऑइलपेंटचं, ते पाण्याखाली तसंच राहिलं.

मी काकूंकडं अधूनमधून जायचो. एका संध्याकाळी गेलो तर टाकीवर पंप चालवणारा नागप्पा घाबराघुबरा होऊन शिडीवरून उतरत होता.

"पेंटर, वर जावा. बघून या. मला काय झालंय का, का पाण्याला काय झालंय..."

मी शिडी चढलो. झाकण सरकवून आत बघितलं.

पाणी तिरकं होतं.

एका बाजूला भिंतीवर हातभर वर चढलेलं. दुसऱ्या बाजूला तेवढंच खाली. हलत नव्हतं, डुचमळत नव्हतं. आरशासारखं शांत... आणि तिरकं.

मला शिडीवरून खाली येता येईना. तेवढ्यात केशरकाकू कासोटा खोचून वर आल्या. माझ्या शेजारून वाकून बघितलं. कितीतरी वेळ बघितलं.

पाणी चढलं होतं ती बाजू त्यांच्या घराची होती.

"हे सांगायचे मला," त्या हळूच म्हणाल्या. "ज्या अंगाला इमान वळतंय, त्या अंगाची जमीन वर येती म्हणून."

मग म्हणाल्या, "घराकडं वळल्यात."

आमच्या डोळ्यांदेखत पाणी हळूहळू सपाट झालं.

काकू खाली उतरल्या. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "बिभीषण, एक काम करून दे. घरामागच्या माळावर दगडं मांडू. दोन वळी, लांबलचक. त्यास्नी चुना फास. वरून दिसला पायजे."

मी फासला. दिवस बुडेपर्यंत फासत होतो. मान खाली घालून.

पुढं काकू थकल्या, मुलीकडं सोलापूरला गेल्या, तिकडंच वारल्या. घराला कुलूप लागलं. मीही धाराशिवला राहायला गेलो. बरीच वर्षं त्या वाटेला फिरकलो नाही.

परवा नातवाच्या गाडीतून येडशीवरून येत होतो. भर दुपार होती. घराची भिंत पडलेली दिसली. टाकी कोरडी, वापरात नाही म्हणतात. आणि मागं माळावर...

दोन वळी. पांढऱ्याशुभ्र.

मी गाडी थांबवायला लावली. एकटाच चालत गेलो. वाकून एका दगडाला बोट लावलं.

चुना ओला होता.

कुठं माणूस नाही, बादली नाही, ब्रश नाही. वारं पडलेलं. बारीक घरघर येत होती. हायवेवरचा ट्रक असेल. असेलच.

मी तसाच मागं फिरलो आणि गाडीत येऊन बसलो.

एकदाही वर बघितलं नाही.