टेपवरचा व्हिन्स

गाडी ओढून न्यायला माणूस येतोय, तासभर लागेल म्हणाला. बसा आतच, थर्मासमध्ये चहा आहे. पोस्टरवर तुमच्या बँडमधल्या कुणाचं तोंड मोठं छापलं, यावरून मघापासून तुमचा अबोला चाललाय. म्हणून क्लाइव्ह ऑर्मरॉडचं सांगतो. त्याच्याच तोंडून ऐकलंय.

शहात्तर साली संडरलंडला, चर्चच्या हॉलमध्ये चौघांनी पंक बँड काढला. 'द टिन मार्टर्स'. व्हॅन मी चालवायचो. गाणी लिहायची, चाली लावायच्या क्लाइव्हनं. गायचं व्हिन्स टनिक्लिफनं. तीन कॉर्ड, दोन मिनिटं, खेळ खल्लास. समोरची पोरं थुंकायची, ते प्रेमच असायचं! असला धिंगाणा बघून निम्म्या गावांनी हॉल देणं बंद केलं, तशी रेकॉर्ड आणखीनच खपली. पण फोटो छापून यायचा व्हिन्सचा. मागे क्लाइव्हचं कोपर दिसलं तर दिसलं.

"कोपर झकास आलंय हं तुझं," व्हिन्स म्हणायचा. क्लाइव्ह हसायचा. मला व्हॅनच्या आरशात त्याचा आवळलेला जबडा दिसायचा.

एकोणऐंशीत व्हिन्स गेला. झोपेतच, बाविसाव्या वर्षी. बँड संपला. व्हिन्स मात्र वाढतच गेला, टी-शर्टांवर, भिंतींवर. क्लाइव्ह चाळीस वर्षं शाळांचे बॉयलर दुरुस्त करत राहिला.

मग रेकॉर्ड कंपनीला जुन्या टेप हव्या झाल्या. गुरुवार, चौदा नोव्हेंबर दोन हजार एकोणीस. बायको लेकीकडे गेलेली. क्लाइव्हनं माळ्यावरून टेप काढली, जुनं मशीन जोडलं, हेडफोन लावले. एका ट्रॅकवर वाद्यं, दुसऱ्यावर व्हिन्स. रात्रीचे अकरा वीस. आणि त्याच्या मनात आलं... हा आवाज पुसायचा. एक तरी गाणं माझ्या गळ्यातलं राहू दे.

पुसलं. गायला. टेप मागे नेऊन ऐकलं.

व्हिन्स.

पुन्हा पुसलं. पुन्हा गायला.

व्हिन्स.

तिसऱ्यांदा गाऊन ऐकताना गाणं मध्येच थांबलं. टेप फिरत होती.

"क्लाइव्ह."

कानातच.

"मध्येच खोकलास. म्हातारा झालास लेका."

क्लाइव्ह गारठला. तरी चाळीस वर्षांचं साचलेलं तोंडातून पडलंच. "तुला बोलायला काय जातंय? तू मेलास आणि देव झालास. माझं नावसुद्धा कुणाला..."

टेपची खरखर आली, मग तोच आवाज.

"नातवंडं किती?"

"...तीन."

"गुडघे दुखतात?"

"हो."

"हरामखोरा." आवाज अगदी हळू झाला. "सगळं तूच घेतलंस."

क्लाइव्हनं हेडफोन ओरबाडून काढले. वळायचं धैर्य नाही. मग डोक्यावर, मागून... हात फिरला. सावकाश. केस चाचपत. थंडगार.

सकाळी मी गेलो तेव्हा तो जिन्यात बसलेला. टेप त्यानं होती तशीच कंपनीला दिली. पुसायचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्या सकाळी जिन्यात मी त्याच्या मागे उभा होतो, म्हणून दिसलं. बाकी डोकं नेहमीचंच, कापसासारखं पांढरं, आणि मागच्या बाजूला तळहाताएवढा काळाभोर डाग. पाच बोटं स्पष्ट. विशीतल्या पोराचे असावेत तसे दाट केस. न्हाव्यानं तीनदा मुळापासून काढले. तिन्ही वेळा काळेच आले.

आता बाकी डोक्याला टक्कल पडलंय त्याच्या. तेवढे मात्र... वाढतात.