आमच्याकडं

पुतळाबाईंनी पहिला घास उचलला आणि तोंडातून ते निघूनच गेलं... "आमचे खारबावला असा उकाडा न्हवता गो. खाडीवरनं कसा गार वारा यायचा!"

हौसानं हात पुढे केला, सासूच्या ताटातली बांगड्याची तुकडी उचलली आणि पातेल्यात परत टाकली! हा काही उद्धटपणा नव्हता. हा घरातला कायदा होता, आणि तो खुद्द पुतळाबाईंनीच केला होता. मधे बसलेला केसरीनाथ, म्हणजे एकीचा मुलगा, दुसरीचा नवरा आणि दोघींच्याही काही उपयोगाचा नसलेला गृहस्थ, खाली मान घालून काटे काढत राहिला.

ऐंशी सालाच्या सुमारास हौसा अलिबागकडच्या दर्याकाठच्या गावातून लग्न होऊन खारबावला आली, तेव्हा सासूनं मोठ्या अभिमानानं तिला बांधावर नेलं होतं. समोर चिखल, तिवरं, खाजणातली भातं आणि मधून वाहणारं गढूळ पाणी. "ही आमची खाडी!" हौसा अजाण होती, खरं बोलून गेली. "ही? आमच्याकडं ओहोटीला पन यापेक्षा जास्त पानी असतं!"

सरकारला कायदा करायला वर्षं लागतात. पुतळाबाईंना पान चघळून होईपर्यंतचा वेळ पुरला. सुनेनं 'आमच्याकडं' म्हटलं की ताटातली तुकडी गेली. दर्याची पोर कोरडा भात गिळू लागली... तरी जीभ ऐकेना! वाऱ्याची झुळूक आली की आमच्याकडं, चांदणं पडलं की आमच्याकडं... पहिलं वर्षभर तिच्या वाट्याला मासळीचा नुसता वासच आला.

मग बाप तिला माहेरी न्यायला आला. ओटीवर टेकला, उपरण्यानं घाम पुसला आणि सहज म्हणाला, "इकडं वारा जरा कमीच."

"बापाला पन तीच खोड!" पुतळाबाई कडाडल्या. "पोरीची जीभ कुटं वाढली ते कललं मना. न्हाय धाडायची!"

बाप पाणी पिऊन एकटाच परत गेला. वळून वळून बघत गेला... दाराच्या फटीतून हौसानं ती पाठमोरी, वाकलेली आकृती पाहिली आणि तिचं काळीज विदीर्ण झालं! तो वारला तेव्हा मात्र तिला पाठवलं. सकाळी नेलं, संध्याकाळी आणलं. दर्याकडं बघायला उसंत नव्हती, आणि बापाशिवाय तिथं तिचं कुणी नव्हतं. त्या दिवसापासून अंतःकरणातला तो अथांग सागर तिनं आवंढ्याबरोबर गिळून टाकला. सासूला वाटलं, सून सुधारली.

नव्वदनंतर शेतं गोदामवाल्यांना गेली, घर गेलं, आणि कुटुंब भिवंडीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलं. खिडकीतून दिसायचे दिवसरात्र खडखडणाऱ्या लूमच्या शेडचे गंजलेले पत्रे. पुतळाबाई दिवसभर तिथं बसून खाडी शोधायच्या आणि जेवायला बसल्या की बोलायच्या. हौसा तोच कायदा लावून तुकडी उचलायची. पुढं पुढं तर म्हातारी आधी आपणच ताट पुढं सारायची आणि मग सुरू करायची, "आमचे खारबावला..." ती खंगत चालली. या सगळ्या काळात केसरीनाथनं आपलं मत एकदाच मांडलं. म्हणाला, "मीठ कमी हाय."

एका शुक्रवारी लूम बंद होते. त्या अनोळखी शांततेत पुतळाबाई खिडकीशी पुटपुटत होत्या. "भरतीला पानी कसं चांदीवानी चमकायचं..."

हौसाच्या मनात कित्येक वर्षांचा संताप उसळला. "चांदी? आमच्याकडं..." ती गर्जली, आणि तिथंच थांबली.

पुढं काही येईना! वाळू कसली होती? घरामागं झाडं कसली होती? तिनं डोळे घट्ट मिटले, जीव पणाला लावला. पण पापण्यांआड तीच गढूळ खाडी वाहत होती... सासूची, परक्यांची! हौसा खाली बसली.

"काली वालू," खिडकीतून आवाज आला. "घरामागं सुरूची झाडं. ओहोटी लागली का दोन खडक उगडं पडायचं. त्यांना तुमी नणंद-भावजय म्हनायची."

"तुमाला कसं ठावं?"

"तूच सांगलंस. पयल्या वरसाला." पुतळाबाईंनी मान वळवली नाही. "मी तुकडी काढून घ्यायचे गो, कान न्हाय काढून ठेवले. मी कंदी दर्या पायला न्हाय. पायला तो तुजाच... लई राग यायचा तुजा."

हौसाच्या डोळ्यांना धारा लागल्या. ती सरकत सरकत सासूच्या पायाशी आली आणि लहान पोरीसारखं तिनं विचारलं, "आई... त्यातला नणंद कुटला?"

पुतळाबाईंनी डोळे मिटून पुष्कळ शोधलं.

"ते सांगायची व्हतीस बय..." त्या म्हणाल्या. "तवाच मी तुला गप केलं."