राहिलेलं सबमिशन

बसा रे नीट. विक्की, तो मोबाइल खाली ठेव, तू सारखं बघत बसल्यानं लाइट येणार नाहीये. मी मघाशी फोन लावला होता, केबल जळालीय म्हणतात. तास-दोन तास आपल्याला असंच ओट्यावर बसायचंय. आणि गच्चीवरच्या खोलीकडं तुमच्या काकू, म्हणजे आमच्या शालनबाई, दिवेलागणीनंतर का फिरकत नाहीत हे तुम्हीच विचारलंत, तर आता ऐका.

मी सगळं आयुष्य पिंपरीच्या कंपनीत काढलं, निम्मं तर थर्ड शिफ्टमध्ये. रात्री मला भूत कधी दिसलं नाही, सुपरवायझर दिसला. त्यामुळं मी असल्या गोष्टींना भाव देणारा माणूस नाही. पण हे ज्याच्यावर गुदरलं तो तुमच्यासारखाच आमचा भाडेकरू होता, आणि पहाटे त्याला दार मी उघडलं होतं.

नदीम त्याचं नाव. लातूरकडचा, औशाचा. वडिलांचं गॅरेज होतं. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष तो दुसऱ्यांदा करत होता. पहिल्या खेपेला वर्ष गेलं, तेव्हा घरी कुणी ओरडलं नाही. दुसऱ्या खेपेला दिवाळीत वडिलांनी एवढंच सांगितलं, "बेटा, ह्या साली टर्म गेली तर बॅग उचल अन् ये. मला बी आता एकट्यानं गाड्याखाली झोपवंना." ओरडण्यापेक्षा हे वाईट. पोरगा त्या दिवसापासून पाण्यातल्या कापसासारखा जड झाला होता. कॉलेज, मग संध्याकाळी मोबाइलच्या दुकानात काम, मग रात्री अभ्यास. जिन्यात भेटला की हसायचा, पण ते हसूसुद्धा दमलेलं असायचं.

बावीस सालचा नोव्हेंबर. कार्तिकातली अमावस्या, वार बुधवार. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रॉईंगचं सबमिशन; शीटवर सही झाली नाही तर टर्म गेली. बाकीची शीट्स त्यानं कशीबशी काढली होती, शेवटच्या एकावर घोडं अडलं होतं. मग करतात तेच त्यानं करायचं ठरवलं. जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. तुम्हाला सांगायला नको, पण काकू ऐकतायत म्हणून सांगतो. टेबलावर काच ठेवायची, काचेखाली बल्ब लावायचा. काचेवर दुसऱ्याचं तयार शीट, त्याच्यावर आपला कोरा कागद. खालचं सगळं वर उमटतं, आपण नुसतं गिरवायचं. शहाणी माणसं होतात म्हणे पुढं इंजिनिअर.

तर तो शीट आणायला चाकणला गेला. रणजीत म्हणून त्याचा सीनियर तिकडं एका कंपनीत लागला होता. निगडीहून बस धरली, कंटेनरच्या रांगेत रखडत रखडत पोचला. रणजीत शिफ्टला शिरायच्या घाईत गेटवर उभा होता. त्यानं गुंडाळी हातात दिली आणि म्हणाला, "भावा, हे एक नंबर शीट आहे. आमच्या आधीपासून फिरतंय. रेघ बघ कशी आहे. फक्त सकाळी परत दे."

नदीमनं दिव्याखाली धरून पाहिलं. खरंच, छापल्यासारखं काम. कोपऱ्यात मात्र नावाची चौकट रिकामी होती. तिथं खोडरबरनं घासघासून कागद पातळ झाला होता.

"कुणाचं आहे?"

"असंल कुणाचं तरी. तुला रेघा पायजेत का नाव?" असं म्हणून रणजीत आत गेला.

परत आला तेव्हा आम्ही जेवत होतो. दारातूनच म्हणाला, "काका, टीपॉयची काच देता का, एका रात्रीपुरती?" मी दिली. शालनबाई, तूच म्हणालीस ना, पोराला आधी जेवू दे? जेवला नाही तो. काच काखेत मारून वर गेला.

आता वरचं मी पाहिलेलं नाही. त्यानं सांगितलं तसं सांगतो.

दोन बाजूंना पुस्तकांच्या थप्प्या, वर काच, खाली बल्ब. शीट चिकटवलं, वर आपला कागद चिकटवला आणि गिरवायला बसला. रात्र चढत गेली. डोळे चुरचुरत होते, मान भरून आली होती. मधेच डुलकी लागायची आणि कपाळ काचेवर टेकायचं. काच गरम, त्याला बरं वाटायचं. तसंच पडून राहावं, सकाळ झालीच नाही तर बरं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मग वडिलांचं वाक्य आठवायचं आणि पेन्सिल परत चालू व्हायची.

असं करत काम संपत आलं. मोजून चार रेघा राहिल्या असतील. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की कागदावर हाताची सावली आहे.

आपलीच, असं वाटून त्यानं गिरवणं चालू ठेवलं. पण पोरगा वर्ष गेलेला असला तरी डोक्यानं बरा होता. थोड्या वेळानं त्याचा हात थांबला. बल्ब खाली. आपला हात वर. मग आपल्या हाताची सावली कागदावर पडेलच कशी? ती पडली तर छतावर पडेल. कागदावर सावली पडायची, तर हात बल्ब आणि काच यांच्या मधे पाहिजे.

त्यानं आपला हात उचलला. मांडीवर ठेवला.

सावली तिथंच होती.

बारीक बोटं. त्यांत पेन्सिल. आणि ती पेन्सिल हलत होती… खालून.

काचेखाली वाकून बघायचा धीर त्याला झाला नाही. कोपर आधीच काचेच्या काठावर टेकलेलं होतं. ते काढून घ्यायचं त्राणसुद्धा अंगात नव्हतं.

आणि लाइट गेली.

पंखा थांबला. समोरच्या इमारती विझल्या. रस्त्यावरचे दिवे गेले. आपली सगळी वस्ती, अख्खं प्राधिकरण काळं झालं. लांबचा तो कंपन्यांचा घरघराट असतो ना, जो एरवी आपल्याला ऐकू येत नाही, तोही थांबला.

काच मात्र उजळलेलीच होती.

…

हां. आता कसे गप्प झालात?

सावली सरकत सरकत कोपऱ्यात गेली. त्या खोडलेल्या चौकटीत. आणि लिहायला लागली. सावकाश. एकेक अक्षर. नदीम बघत राहिला. खालून लिहिलेलं वरून उलटं दिसायला पाहिजे. पण ते सरळ दिसत होतं. म्हणजे खाली जे कोण होतं, ते उलटं लिहीत होतं.

त्याला वाचता यावं म्हणून.

भाग्यश्री.

नाव पुरं झालं आणि हात थांबला. गेला नाही. थांबला.

नदीमनं कसाबसा मोबाइल काढला आणि रणजीतला लावला. बराच वेळ वाजला. मग मागं मशिनचा आवाज, आणि रणजीत खेकसला, "काय रे, शिफ्टमधी फोन करतोस?"

"भाग्यश्री कोण?"

रणजीत चालत बाहेर आला असावा, कारण मशिनचा आवाज कमी झाला.

"तुला नाव कुणी सांगितलं?"

"सांग ना भावा…"

"आमच्या आधीच्या बॅचची होती," रणजीत म्हणाला. "सबमिशनच्या आदल्या दिवशी कुणीतरी तिचं शीट जीटीला नेलं. ते दिलंच नाही वेळेवर. तिनं मॅडमना सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, शीट नाही तर सही नाही. मग रात्रभर जागून तिनं नवं काढलं. सकाळी स्कूटीवर निघाली… तळवड्याच्या चौकात डोळा लागला म्हणतात. पुढं कंटेनर होता." मग म्हणाला, "सहा वर्षं झाली. चांगलं शीट होतं रे, म्हणून कुणी फेकलं नाही. नाव तेवढं खोडलं."

फोन ठेवला. हात अजून तिथंच होता.

मला तो म्हणाला, "काका, भीती तर वाटलीच. पण त्याहून जास्त वाईट वाटलं. आमी दोघं बी जागून जागून थकलेलो होतो."

तो काचेकडं बघून हळूच म्हणाला, "ताई… मी देतो. तुमचं शीट, तुमच्या नावानं. सकाळी मॅडमच्या टेबलावर देतो."

काही नाही.

"खरंच देतो…"

बोटं मिटली. सावली पुसट झाली. मग काच विझली, आणि खोलीत नुसता अंधार.

पहाटे मी दार उघडलं तेव्हा तो जिन्याच्या पायरीवर बसलेला होता. किती वेळ, देव जाणे. दोन गुंडाळ्या छातीशी धरलेल्या. तोंड पांढरंफटक. शालनबाईनं चहा दिला. चहा पिता पिता त्यानं मला सगळं सांगितलं. मी म्हणालो, "अरे, झोप नाही, पोटात अन्न नाही, असं होतं." तो भांडला नाही. एवढंच बोलला, "काका, ते शीट दिलं तर माझं पकडलं जातंय. दोन्ही सारखीच आहेत."

मी त्याला सांगितलं, "वेड्यासारखं करू नको. तिचं शीट इथंच ठेव. आपलं दे, सही घे, झोप काढ." आजही मला वाटतं, कुठल्याही शहाण्या माणसानं हेच सांगितलं असतं.

तो गेला. दोन्ही घेऊन.

कॉलेजात ही रांग. प्रत्येकाच्या हातात गुंडाळी, प्रत्येकाचे डोळे लाल. त्याची पाळी आली. पूनम मॅडम म्हणून होत्या, जुन्या, कडक; भाग्यश्रीला 'शीट नाही तर सही नाही' म्हणाल्या होत्या त्याच. त्यानं आधी आपलं शीट पुढं केलं. मॅडमनी लाल पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात त्यानं दुसरं शीट उघडून शेजारी ठेवलं. मागचा एक जण कुजबुजला, "येडाय का हा?"

"हे कुणाचं?"

"भाग्यश्री ताईंचं. त्यांचं सबमिशन राहिलं होतं, मॅडम."

मॅडम बघतच राहिल्या. त्या रेघा त्यांनी ओळखल्या. शिकवणाऱ्याला पोरांचा हात कळतो. कोपऱ्यातली चौकट रिकामीच होती, रात्री लिहिलेलं काही तिथं नव्हतं.

मग मॅडम म्हणाल्या, "आणि तुझं?"

"ट्रेस केलंय."

"माहीत आहे." त्यांनी त्याचं शीट गुंडाळून त्याला परत दिलं. "स्वतःच्या हातानं काढ. सोमवारी आण. तोवर तुझी टर्म मी धरून ठेवते."

भाग्यश्रीच्या शीटवर त्यांनी सही केली नाही. पेन हातात धरून बसल्या, मग टोपण लावलं. "जी मुलगी हजर नाही तिच्या शीटवर मी सही कशी करू?" असं स्वतःशीच म्हणाल्या. शीट आपल्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. नदीमनं हे स्वतः पाहिलं.

चार दिवस तो दुकानात गेला नाही. खाली आमच्याच टेबलावर, दिवसाउजेडी, एकेक रेघ काढत बसला. वाकडीतिकडी झाली, पण त्याची झाली. सोमवारी मॅडमनी त्यावर लाल सही केली. पोराची टर्म वाचली. आता हिंजवडीला आहे तो, ईदला शिरखुर्मा घेऊन येतो.

त्या सोमवारी तो निघाला तर मॅडम म्हणाल्या, "थांब. तिचं शीट तिच्या आईकडं पोचवायला हवं. तू येशील बरोबर?" तो हो म्हणाला. मॅडमनी पर्समधून किल्ली काढली. कपाट उघडलं. गुंडाळी जिथं ठेवली तिथंच होती.

त्यांनी ती टेबलावर उघडली.

आणि उभ्याच राहिल्या.

कोपऱ्यातल्या चौकटीत नाव आलं होतं. पण मॅडम नावाकडं बघत नव्हत्या. नावाखाली लाल शाईत सही होती. त्यांचीच. वळण त्यांचं, जोर त्यांचा.

"नदीम… ही मी केलेली नाही रे."

तो वाकला. सहीखाली तारीख घातलेली होती.

सहा वर्षांपूर्वीची… तिच्या सबमिशनच्या सकाळची.