दोन कार्डांचा धोंडा

तो दुकानात शिरला तेव्हा त्याची अर्धीच दाढी झाली होती.

उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर रान माजलेलं आणि गळ्यात पांढरं फडकं. शेजारच्या सलूनमधली वीज गेली, ऐन मोक्याला ट्रिमरनंही मान टाकली, तेव्हा सलूनवाल्यानं ट्रिमर गिऱ्हाइकाच्याच हातात देऊन त्याला इकडे पिटाळलं होतं.

"तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे म्हणे... एवढा चार्ज करून मिळेल का?"

एका लॅपटॉपचं पोट उघडून ती पंख्यातली धूळ ब्रशनं काढत होती. तिनं वर पाहिलं आणि हसू आवरायचा अगदी प्रामाणिक प्रयत्न केला.

"मिळेल की. पण तो गाल भिंतीकडे करून बसा. बाकीची गिऱ्हाइकं घाबरतील."

"कोणता?" त्यानं गंभीरपणे विचारलं. "हा... की हा?"

दुकान तिच्या मामाचं होतं. विकायचं काम मामाचं, दुरुस्तीचं तिचं. ट्रिमर चार्ज होईपर्यंत तो काचेमागचे लॅपटॉप बघत राहिला. मग म्हणाला, "गेमिंगचा घ्यायचाच आहे मला. एक ग्राफिक्स कार्डवाला घेऊ, की दोनवाला?"

मामा खुर्चीतून उठलाच. कोपऱ्यात दोन कार्डांचा एक अवाढव्य लॅपटॉप कधीचा पडून होता. मामानं हौसेनं मागवलेला, कुणी न घेतलेला. घरात त्याला 'धोंडा' म्हणायचे.

"दोनवालाच घ्या साहेब! एका हातानं काम करणारा आणि दोन हातांनी करणारा, फरक नाही का?"

तिनं तेव्हाच 'एक' म्हणायला हवं होतं. उत्तर सोपं होतं. पण तोंडातून निघालं भलतंच. "असं घाईनं नका ठरवू. तुमचा गेम घेऊन या. दोन्हींवर चालवून बघू."

मामा चाट पडला. त्याहून जास्त ती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. "आज दोन्ही गाल आणलेत," दारातूनच म्हणाला.

मग येतच राहिला. गावाबाहेर नदीवर पूल होत होता, तिथे मोजणीचं काम त्याच्याकडे. पूल झाला की पुढची नदी, पुढची भाड्याची खोली. संध्याकाळी लांबच्या गावातल्या बहिणीबरोबर तो गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा. "मी हरल्याशिवाय ती जेवत नाही," म्हणायचा. दुकानात त्याचं नाव पडलं पूलवाले.

कधी धोंड्यावर, कधी हलक्या लॅपटॉपवर त्याची गाडी धावायची. ती शेजारी बसून वारा फेकणाऱ्या जाळीसमोर तळहात धरायची. तिची तपासायची तीच रीत.

"तुम्हीही धरा हात. कळलं?"

त्यानं तिच्या हाताशेजारी हात धरला. धोंडा चुलीसारखी धग फेकत होता. पडद्यावर गाडी मधूनच अडखळली, पण त्याचं लक्ष पडद्याकडे नव्हतं.

"बरंच तापलंय," तो म्हणाला.

"कार्ड."

"हो... कार्डच. मी दुसरं काय म्हणतोय?"

तिला सगळं ठाऊक होतं. त्याचा गेम एकाच कार्डावर चालायचा, दुसरं नुसतं बसून तापायचं. धोंड्याला चार्जरही दोन, विटांएवढे. पण धोंडा घेतला तर पंखे साफ करायला, कार्ड गार ठेवणारी पेस्ट वाळली की बदलायला पूलवाल्यांना तिच्याकडे यावंच लागणार होतं. हलका लॅपटॉप मात्र गुणाचा. तो नेला की माणूस गेलाच म्हणायचा.

"अगं, तू एक शब्द टाक," मामा रोज कानाशी लागायचा. "धोंडा गेलाच बघ!"

एका संध्याकाळी तो पाऊस अंगावर घेत आला. बुटांना नदीचा चिखल, खांद्यावर मोजणीच्या सामानाची पाठपिशवी.

"आज घेऊनच जातो. तुम्ही म्हणाल तो."

'दोनवाला' हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. तेवढ्यात त्यानं पिशवी खाली ठेवली आणि पट्टा रुतलेला खांदा नकळत चोळला.

"एकवाला घ्या," ती म्हणाली. "तुमचा गेम त्या दुसऱ्या कार्डाला विचारतसुद्धा नाही. आणि हे धूड घेऊन कुठे हिंडणार आहात?"

"हे... आज लक्षात आलं तुमच्या?"

"नाही. पहिल्याच दिवशी."

"मग सांगितलं का नाही?"

तिचे कान तापले. "टेस्टिंग चालू होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलेल असं वाटलं... पण मामा खोकं घेऊन आला आणि ते राहूनच गेलं.

नंतर तो आला नाही. का येईल? काचेचं दार वाजलं की ती मुद्दाम वर बघायची नाही. लोकांची धूळ झाडायची, स्क्रू पिळायची. चहा समोर गार व्हायचा आणि मामा न बोलता तो गरम करून आणायचा.

मग एका दुपारी दार वाजलं, आणि काखेत लॅपटॉप घेऊन तो समोर उभा.

"काय झालं? तापतोय?"

"नाही."

"अडकतोय? पंखा वाजतोय?"

"छे. झोपलेल्या मांजरासारखा आहे."

"मग तक्रार काय आहे?"

"हीच." त्यानं लॅपटॉप टेबलावर ठेवला. "काहीच बिघडत नाही हो! मी रोज वाट बघतोय... जरा आत धूळ जाईल, जरा घुरघुरेल. तुम्ही असा दिलात की इथे यायला कारणच ठेवलं नाहीत."

तिनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"म्हणूनच दोनवाला देणार होते," ती हळूच म्हणाली. "सारखं यावं लागलं असतं तुम्हाला."

"मग दिला का नाही?"

"तुमचा खांदा दुखत होता."

तो हसला नाही. दोघांच्या मध्ये तो निरोगी लॅपटॉप निमूट पडून होता.

"उद्या काहीच कारण नसताना आलो, तर चालेल?"

"उद्या कशाला?" तिनं हात पुसले. "मी आत्ता निघतेच आहे दुकानातून."

मामानं घड्याळाकडे पाहिलं. दुकान बंद व्हायला पुष्कळ अवकाश होता.

"जा, जा," तो म्हणाला. "केव्हाची खोळंबली आहेस."