पाच नळ्या आणि एक चेहरा

"अहो, तोंड बंद!"

पहिल्याच भेटीत मला असं कुणी बोललं नव्हतं. ऑफिस शोधता शोधता मी भलत्याच खोलीत शिरले होते, आणि पांढऱ्या कोटातला, विस्कटलेल्या केसांचा हा माणूस काचेच्या उघड्या बशीवर दोन्ही हात धरून माझ्याकडे डोळे वटारून बघत होता.

"मी फक्त विचारलं, ऑफिस कुठंय..."

"उघड्या पेशींवर विचारलंत! तोंडातला एक जंतू पडला, की माझा आठवडा पाण्यात." मग स्वतःच ओशाळला. "या... बघायचंय?"

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. हृदयाच्या पेशींचा एवढासा पुंजका, आणि तो चक्क धडधडत होता! कुणी सांगितलेलं नसताना, आपला आपण.

"अय्या!" मी म्हणाले... तोंडावर हात ठेवून. तो खळखळून हसला. संपलंच. माझं काम तिथंच तमाम झालं.

मला शिकवणारा हाच निघाला. थेंबाथेंबासाठी जीव टाकायचा म्हणून सगळी प्रयोगशाळा त्याला थेंबोबा म्हणायची. तीन आठवडे शिकायचं आणि मग एक परीक्षा. पास झाले तर संशोधनाची जागा माझी, नाहीतर बाबांच्या औषधांच्या दुकानाचा काउंटर आहेच. लहानपणापासून मी तिथं गोळ्या देत आले होते. ती गोळी पोटात गेल्यावर नक्की करते काय, हे मात्र मला कुणीच सांगितलं नव्हतं. ते मला हवंच होतं, काहीही करून!

"अंगठा हळू सोडा," थेंब मोजून सोडायच्या पिपेटकडे बघत थेंबोबा म्हणायचा. "दारावरची बेल नाहीये ती."

"आणि हे अहो-जाहो किती दिवस?"

"पहिला अचूक थेंब पडेपर्यंत."

नवव्या दिवशी तो पडला. "जमलं की गं तुला!" तो ओरडला, आणि कानापर्यंत लाल झाला. मला तर नाचावंसं वाटत होतं. पण हातात पिपेट होतं ना!

परीक्षा अशी होती : आकडे घातलेल्या पाच नळ्या. काहींत धडधड मंदावणारं औषध, काहींत नुसतं मिठाचं पाणी. प्रत्येक नळीला वेगळी बशी. थेंब सोडायचा, मिनिटाचे ठोके मोजायचे आणि औषध कुठल्या नळीत ते सांगायचं. नळ्या थेंबोबानं भरल्या होत्या, यादी पाकिटात बंद. मोजणाऱ्याला आतलं ठाऊक असेल तर त्याला हवं तेच दिसतं, म्हणून भरणाऱ्यानं त्या खोलीत फिरकायचंही नाही, असा तिथला नियम.

"दोन दिवस मी तुला भेटणार नाही," तो म्हणाला होता. "माझ्या पोटातलं ओठांवर येत नाही, पण चेहऱ्यावर येतं."

"बघू हं..."

दोन नळ्या झाल्या. तिसरी उचलली आणि सहज वर बघितलं, तर दाराच्या काचेपलीकडे तो! धुतलेल्या बाटल्यांचा ट्रे घेऊन चालला होता. माझ्या हातातल्या नळीवरचा आकडा त्याला दिसला, आणि चेहरा असा फुलला की विचारू नका. लगेच जीभ चावून पळाला. पण व्हायचं ते झालं होतं. ह्या नळीत औषध आहे, हे मला कळून चुकलं.

मी मोजले. बासष्टचे चाळीस. खरंच चाळीस होते, की मला चाळीस हवे होते? वहीवर पेन टेकवून मी बसून राहिले. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? मला कळलं असतं ना! उठले, आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमसमोर जाऊन उभी राहिले.

"मॅडम, तिसरी नळी बाद धरा. आत काय आहे ते मला कळलं."

"कसं काय?"

"ते... ह्यांचा चेहरा बघून."

"ह्यांचा?" मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "एक बाद, तर सगळ्याच बाद. नव्या नळ्या मी भरते. बशा मात्र पाचच उरल्यात. एक जरी बिघडली, तर तू घरी."

दुपारभर मी श्वास रोखून थेंब सोडले. संध्याकाळी मॅडमनी पाकीट फोडलं, एकेका आकड्यावर बोट ठेवलं. पाचही बरोबर!

"जागा तुझी," त्या म्हणाल्या. "आकडे काय, कुणीही काढेल. सकाळी तू मला येऊन सांगितलंस, ते मला हवं होतं."

बाहेर थेंबोबा भिंतीला टेकून उभा होता, चेहरा एवढासा.

"मी तुला बुडवलंच होतं..."

"पास झाले!"

तो आधी हसला, मग गडबडला, आणि कोटाच्या खिशातून त्यानं एक बंद पाकीट काढलं. "हे... तोंडानं जमणार नाही, म्हणून लिहिलंय. परीक्षा होईपर्यंत द्यायचं नव्हतं."

त्यानं पाकीट पुढं केलं. मी घेतलं, पण फोडलं नाही.

"वर बघ," मी म्हणाले.

त्यानं वर बघितलं.

"वाचलं. माझंही तेच आहे."

"नक्की?" त्यानं चष्मा काढला, कोटाला पुसला, पुन्हा घातला आणि माझ्या चेहऱ्याजवळ वाकला. "थांब हं... एकदा बघून भागत नाही. पुन्हा बघू दे."

"बघ की," मी म्हणाले. "कितीही वेळा बघ."