थर एक

दुपारी चार वाजता काँक्रीट पडणार होतं, आणि पुरातत्त्वज्ञ आयेशा तांबोळीला त्याआधी एक पुरावा हवा होता. फक्त एक. कसबा पेठेत पार्किंगसाठी खणलेल्या खड्ड्यात तिला रोमन रांजणाचा तुटका कान सापडला होता. दोन हजार वर्षांपूर्वी असल्या रांजणांतून वाइन भरून जहाजं इकडच्या किनाऱ्याला यायची. बिल्डरचे इंजिनिअर श्यामसुंदर पाटणकर यांनी तो उलटसुलट पाहिला नि ते म्हणाले, "बाई, असले माठ आमच्या माळ्यावर चार आहेत. हात न लागलेल्या थरातून काढून दाखवा, काम थांबवतो."

तीन आठवडे हेच. समजावून समजावून तिच्या तोंडाला फेस आला होता.

थर वरून मोजतात. वरचा रस्ता म्हणजे थर एक, खाली जावं तसा आकडा वाढतो. आयेशा सातव्यात, पार तळाशी बसली होती. तिथे भर दुपारी अंधारल्यासारखं होतं, आणि मातीला आज आंबूस, दारूचा वास येत होता. साडेतीनला खुरपीला जाड, पिवळसर खापर लागलं. तिनं ते अलगद सोडवून वर कांताबाईंना दिलं. तीस वर्षं खापरं धुणारी बाई.

"ताई," कांताबाई हळूच म्हणाल्या, "यावर आधीच लिहिलंय तुम्ही..."

खापर धुऊन वाळलं की त्यावर काळ्या शाईनं थर आणि क्रमांक घालायची रीत. हे तर आत्ताच मातीतून निघालं होतं. पण अक्षर आयेशाच्याच वळणाचं होतं: थर १, क्र. १.

पाटणकर हसले. "वा. पेरायचं तर आकडा तरी बरोबर घालायचा."

"मी पेरलं असतं तर आकडा चुकवला असता का?" ती रागानं म्हणाली. "अहो, आपणच उतरा ना. आपल्या हातानं काढा."

ते उतरले. खड्ड्याच्या भिंतीत सहावा थर होता, तिथे मनाला येईल तशी खुरपी घातली. खापर निघालं. थर २. त्याच्या वर, पाचव्यात, आणखी एक निघालं. थर ३. शाई त्यांच्या अंगठ्याला लागली. ओली होती.



"खालून... कुणीतरी थर मोजत, खणत वर येतंय," पाटणकर पुटपुटले आणि घाईघाईनं शिडी चढले. "भरून टाका. आत्ताच."

"साहेब, आता तरी पटलं ना तुम्हाला?" आयेशानं विचारलं.

"पटलं म्हणूनच."

पावणेचारलाच काँक्रीट पडलं. आयेशा काठावर चरफडत उभी राहिली. तीन आठवडे घसा कोरडा केला तेव्हा हा माणूस ढिम्म हलला नाही, आणि पटलं तर हे. बोलायचं तरी काय याला?

शेवटी ती पाय धुवायला वर रस्त्यावरच्या नळावर गेली. डाव्या टाचेचा डाग काही निघेना.

"कांताबाई, बघा हो काय लागलंय तिथे."

कांताबाई वाकल्या. खापरांच्या ब्रशनं त्यांनी तीनदा घासून पाहिलं.

"तुमचंच अक्षर आहे, ताई. थर ७..."

"आणि क्रमांक?"

"एक," कांताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपला पाय साडीत ओढून घेतला.